विलासकाकांचे मेल स्पॅममध्ये का जायचे

"त्या मेलवाल्यांच्या ऑफिसात आपल्या ओळखीचं कोणी हाय का?" विलासकाकांनी विचारलं.

मी म्हटलं, "काका, ती कंपनी अमेरिकेत आहे."

"असू दे की. आपली निफाडची दोन-चार पोरं हायेत तिकडं. शब्द टाकतो."

लोकांचे जाहिरातीचे मेल स्पॅममध्ये जाऊ नयेत, हे बघणं माझं काम. स्पॅम म्हणजे नको असलेल्या मेलचा उकिरडा. माझ्या आईला अजून वाटतं मी पोस्टात आहे. काका अंबडमध्ये सुक्यामेव्याचे गिफ्ट बॉक्स बनवतात, कंपन्या दिवाळीला कामगारांना वाटतात ते. त्यांचा वर्षाचा धंदा त्या एका सणावर चालतो, आणि ऑर्डरी मेलवर येतात. त्या वर्षी नवरात्र तोंडावर आलं तरी ऑर्डरी नव्हत्या. गोडाऊनमधला माल छताला टेकलेला, पॅकिंगच्या बायका हात बांधून बसलेल्या. दिवाळी उलटली की त्या मालाला कुणी विचारणार नव्हतं. काका थट्टा करत होते, पण पुढ्यातला चहा तसाच निवत होता. माणूस पुरता घाबरला होता.

मी आधी डोमेन तपासलं. डोमेन म्हणजे मेलच्या पत्त्यातली तुमच्या दुकानाची पाटी. मेल खरंच तुमच्याकडूनच आलाय, तुमच्या नावावर कुणी भलत्यानं पाठवलेला नाही, हे पटवणाऱ्या काही नोंदी तिथे कराव्या लागतात. त्या चोख होत्या. मेलचा विषयही साधा होता. मग मी तक्रारींचा आकडा बघितला आणि कपाळावर हात मारला. ढिगानं लोक काकांच्या मेलवर 'हे स्पॅम आहे' असं बटण दाबत होते. असं वारंवार झालं की मेलवाली कंपनी पाठवणाऱ्यालाच उपद्रवी धरते आणि त्याचे बाकीचे मेलही उकिरड्यात टाकते.

"नावं द्या त्यांची," काका म्हणाले.

"नावं कळत नाहीत."

"मग पत्ते द्या."

तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

काकांचं जुनं गिऱ्हाईक म्हणजे सातपूरच्या एका कारखान्यातल्या एचआरच्या शेख मॅडम. त्यांना गाठलं. मी काय विचारते ते ऐकून त्यांनी आधी माझ्यामागे दाराकडे बघितलं.

"काका सोबत नाहीत ना?"

"नाहीत."

"मग सांगते. मीच दाबलं स्पॅम."

"अहो, पण खाली अनसबस्क्राइबचं बटण असतं की. ते दाबलं की मेल यायचे थांबतात, आणि पाठवणाऱ्याचं नावही खराब होत नाही."

"ते आमच्या अकाउंट्सच्या पवारांनी दाबलं होतं. संध्याकाळी काका त्यांच्या घरी हजर, अंजीर घेऊन. पवारांच्या आईला म्हणाले, साहेब आमच्यावर का रुसले? आईंना वाटलं, पोरानं कुणाचं तरी काही बुडवलं. त्यांनी पवारांशी बोलणंच टाकलं. तेव्हापासून आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, अनसबस्क्राइब दाबलं की काका घरी येतात. स्पॅम दाबलं तर त्यांना पत्ता लागत नाही."

मी तडक अंबडला आले.

"काका, कुणी अनसबस्क्राइब केलं की तुमच्या मोबाइलवर मेसेज येतो?"

"येतो ना. मीच लावून घेतलाय."

"आणि तुम्ही त्यांच्या घरी जाता?"

"आधी फोन करतो. नाय उचलला तर जातो. माणूस नाराज झाला तर विचारायचं नाय का?"

माझं डोकंच फिरलं. "काका, तुम्ही अंजीर वाटून स्पॅम विकत घेतलाय."

तो मेसेज मी त्यांच्यासमोर बंद केला. अनसबस्क्राइबचं बटण तळातून काढून मेलच्या डोक्यावर ठेवलं, चांगलं मोठं. शेजारी ओळ टाकली: हे बटण दाबल्यास कुणीही घरी येणार नाही. मग जे नेहमी उत्तर देतात त्यांनाच थोडे थोडे मेल पाठवले, म्हणजे मेलवाल्या कंपनीचा विश्वास परत बसतो. ते नीट पोचल्यावर बाकीच्यांना पाठवायला सुरुवात केली.

लोक यादीतून भराभर बाहेर पडले. काका माझ्या स्क्रीनवर नावं वाचत बसले.

"जोशीसाहेब पण? त्यांच्या पोरीच्या लग्नात मी पंगतीत वाढलंय." त्यांचे डोळे खरंच भरून आले. मला त्यांचा राग आला होता आणि दयाही आली. त्यांचा हात मोबाइलकडे गेला तसा मी मोबाइलच उचलून माझ्या पर्समध्ये टाकला.

दसऱ्यानंतर मेल इनबॉक्समध्ये पोचायला लागले. ऑर्डरी सुरू झाल्या, पण गोडाऊन निम्मंच हललं. तेवढ्यात काकांना शेख मॅडमचा फोन आला, त्यांनी तो स्पीकरवर लावला. अनसबस्क्राइब करणाऱ्यांत त्या सगळ्यांत पुढे होत्या. गेल्या वर्षाएवढे बॉक्स, शिवाय नव्या युनिटचे वेगळे, अशी ऑर्डर त्यांनी सांगितली. काका भांबावले.

"पण मॅडम, तुम्ही तर आम्हाला सोडून गेलात."

"काका, मेल बंद केलेत. काजू थोडेच बंद केलेत."

काकांनी फोन ठेवला. मग त्यांनी पॅकिंगच्या बायकांना हाक मारली. त्यांचा आवाज मला इतका मोकळा कधी ऐकू आला नव्हता. जोशीसाहेबांचीही ऑर्डर आली, तीही फोनवरच.

हल्ली नवा क्लायंट आला की मी डोमेन नंतर बघते. आधी विचारते, कुणी अनसबस्क्राइब केलं की तुम्ही काय करता? काही नाही म्हणाला, तर काम सोपं असतं. वाईट वाटतं म्हणाला, तरी निभतं. "पत्ता आहे माझ्याकडे" म्हणाला, की मी फी दुप्पट सांगते.