चंद्रभान तांडेलची एका ओळीची गाणी

पडदा वर जातो तेव्हा दुपारचे साडेतीन वाजलेत. कुंभवलीतल्या दोन खोल्या, खिडकीत पिवळट ऊन, हवेत कारखान्यांचा आंबूस वास. मधोमध खुर्चीत चंद्रभान तांडेल, गुडघ्याला पट्टा, मांडीवर जुना लॅपटॉप. रजेचा तिसरा दिवस.

मूळचा दातिवऱ्याचा. बापाला त्याला होडीवर न्यायचं होतं. हा आयटीआयला पळाला आणि तीस वर्षं तारापूरच्या एका रसायनाच्या कारखान्यात मीटर दुरुस्त करत राहिला. छंद मात्र जगावेगळा. कॉम्प्युटरला तो एकच ओळ लिहून द्यायचा. त्यात ना सूर ना वाद्य, नुसती आकडेमोड. एक आकडा सेकंदाला आठ हजार वेळा एकेकाने वाढायचा, त्या ओळीतून गाळला जायचा आणि जे उरेल ते थेट स्पीकरला. त्यातून गाणं निघायचं!

"एवढ्याशा ओळीत अख्खी वरात बसवता," त्याची बायको दीपाली म्हणायची, "आणि मिक्सरची वायर दोन महिने तशीच!"

कारखान्यातला धोक्याचा भोंगा दिवसातून दहादा उगाच बोंबलायचा. पाळीवरच्या पोरांनी वैतागून त्यात चिंध्या कोंबल्या. ते पाहून चंद्रभान स्वतःच कामाला लागला. त्याने मोठ्या टाकीच्या बुडाशी एक थर्मामीटर बसवला आणि तिथली डिग्री आपल्या ओळीत सोडली; गाणं कारखान्यातच स्पीकरवर वाजू लागलं. टाकी निवांत असली की चाल संथ. तापली की चढी, घाईची. टाकीच्या माथ्यावरच्या मीटरच्या काट्याआधी गाण्याला कळायचं.

पोरांना ते आवडलं, आणि तिथेच घात झाला. "काका, नवीन लावा की!" म्हणत ती मागे लागली. टाळीला भुकेला चंद्रभान दर सोमवारी ओळ बदलू लागला. मग कुठली चाल म्हणजे धोका, हे कुणाच्या ध्यानात राहणार?

फोन वाजला. पाळीवरचा धीरज होता.

"काका, घरी बसून पण कमाल करताय! आजचं गाणं एकदम फास्ट हाय. पाचही जण नाचतायत इथे."

"कुठलं गाणं?"

"आता नाटक नका करू. ऐका."

धीरजने फोन स्पीकरला लावला. ओळ त्याचीच होती, पण ठेका असा, की जिन्यावरून कुणीतरी गडगडत खाली येतंय आणि जिना संपतच नाही. वर पोरांच्या टाळ्या. लॅपटॉप मांडीवरून घसरला. त्याने उचलला नाही.

"वरचा काटा किती दाखवतोय?"

"ऐंशी. रोजच्यासारखा. काका, हे म्हणतायत आवाज अजून वाढव!"

दीपाली दारातच थबकली. नवऱ्याचा चेहरा असा पांढराफटक तिने कधी पाहिला नव्हता. आवाज मात्र त्याने चढवला नाही. घाबरवलं तर पोरं जागीच खिळतील, हे तो जाणून होता.

"धीरज, बाळा, या सोमवारी मी काहीच बदललेलं नाय. हे टाकी वाजवतेय. सगळ्यांना घे आणि गेटबाहेर पळ."