सोमवारचे पाय

वाकता येतं का तुम्हाला? मान नव्हे हो, कंबर! स्वतःच्या पायाचा अंगठा हातात धरता येतो? येत असेल तर उगाच मिरवू नका. म्हातारपण काही दार वाजवून येत नाही.

आमच्या गल्लीतल्या पार्लरवालीला हे कळलं ते शेजारच्या थकलेल्या शिंप्यामुळे. गड्यानं चपलेचा पुढचा पट्टाच कापून टाकलेला. पायाची नखं वाढून वळली होती आणि हात तिथवर पोचत नव्हता. तिनं विचारलं, तर म्हणतो कसा, "जन्मभर लोकांची मापं घेतली पोरी, आता माझाच पाय मला लांब पडला."

तेव्हापासून दर सोमवारी, पार्लर बंद असतं त्या दिवशी, ती टब, टॉवेल आणि जाड नखांची कात्री घेऊन गल्लीतले जिने चढते. कोमट पाण्यात पाय भिजवायचे, नख मऊ पडलं की बेतानं कापायचं, कड घासायची, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. पैसा घेत नाही. एका गिऱ्हाइकानं नाक मुरडलं, "त्याच हातांनी आमचे चेहरे?"

"साबण लावते ना," ती म्हणाली. "तुमच्या चेहऱ्यानंतरही लावते."

घरी मात्र सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा चालूच. "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं! जा, गल्ली वाट बघतेय."

एका सोमवारी निघता निघता तिला दिसलं, सासूबाईंच्या पायात मुलाच्या ढगळ चपला. चाल लंगडी. खाली मैत्रिणींत जाऊन बसणंही कधीचं सुटलेलं. त्या "गुडघा, गुडघा" म्हणत होत्या आणि ही मानत होती! तिनं खाली बसून चप्पल काढली. अंगठ्याचं नख शेजारच्या बोटात रुतलेलं.

तिनं मान वर केली. "आई, मला का नाही सांगितलं?"

"सुनेच्या हातात पाय द्यायचा? मग उद्या भांडायचं झालं तर कुठल्या तोंडानं भांडू?"

हसू यायला हवं होतं, आलं नाही. तिनं टब खाली आदळला. "मग आजपासून बंद. घरच्या माणसाला माझे हात चालत नाहीत, तर बाहेर कशाला मिरवू?"

धमकी नव्हती ती. लागलं होतं तिला.

सासूबाई एकदम उसळल्या, "बंद म्हणजे? शिंपीभाऊ ताटकळत बसला असेल त्याचं काय? त्याची सून त्याला पाणीसुद्धा खेकसल्याशिवाय देत नाही!" आणि पाय पुढे सरकवला. "घे. पण भांडण मी सोडायची नाही, आधीच सांगते."

"सोडू नका," ती म्हणाली, आणि पाणी तापवायला उठली.

आता सोमवारी दोघी निघतात. टॉवेल सासूबाईंच्या खांद्यावर. कुणी पाय आखडता घेतला की त्या कडाडतात, "मी दिले सुनेच्या हातात, तुमचे काय सोन्याचे लागून गेले?" घरी भांडणं जोरात चालू आहेत; तब्येत उत्तम असल्याची खूण ती.

मोठ्या रस्त्यापलीकडच्या जिन्यांपर्यंत मात्र त्यांचे हात पुरत नाहीत. तुमच्या शेजारीही असं एखादं दार असेलच. येत्या सुट्टीला ते वाजवा, आणि आतून "नको, नको" ऐकू आलं तर लगेच परत फिरू नका.