अख्तरबानूचं ‘ये’

मराठीत डब झालेल्या सिनेमांतली ती पोरं तुम्ही पाहिली असतील. बर्फातली, वाळवंटातली, जंगलात वाट चुकलेली. कुणाला लांडग्याचं पिल्लू सापडतं, कुणाला हत्तीचं, आणि मग दीड तास दोघं एकमेकांवर जीव टाकतात. त्यातली निदान चाळीस पोरं एकाच बाईच्या आवाजात रडतात. अख्तरबानू शेख, वय चौपन्न, मुक्काम बिबवेवाडी. गुडघे कुरकुरतात, डोळ्यांना जाड चष्मा, आणि गळा मात्र दहा वर्षांचा.

संवाद मी लिहिते, बटणंही मीच दाबते. स्टुडिओ म्हणायचा आपला. खरं तर पिठाच्या गिरणीवरची खोली, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. गिरणी सुरू झाली की आमचं काम बंद. बावीस वर्षांपूर्वी अख्तरबानू, म्हणजे आमच्या आपा, खाली दळण घेऊन आल्या होत्या. रांगेत कंटाळलेल्या लेकाला गोष्ट सांगत होत्या, गोष्टीतल्या पोराचा हुबेहूब आवाज काढून. आवाज द्यायला ठरवलेला मुलगा त्या दिवशी नेमका गालफुगी होऊन घरी पडला होता. मी जिन्यातूनच ओरडले, “अहो, जरा वर येता का?” आल्या त्या आल्याच. दळण संध्याकाळपर्यंत खाली तसंच पडून राहिलं.

घरी त्या दखनी बोलतात, बाहेर अशी मराठी की पेठेतल्यांनी खाली मान घालावी. माझ्या संवादांची तर रोज चिरफाड. “नंदिनी, अस्वल समोर उभं असताना कुठलं पोरगं ‘मी अत्यंत घाबरलो आहे’ म्हणतं? ‘टरकली माझी’ लिही.” मी चिडते, आणि लिहिते. करणार काय, बाईचं बरोबर असतं.

यंदा मार्चमध्ये आम्हाला काम देणाऱ्या कंपनीनं दिग्विजय नावाचा तरुण पाठवला. मूळचा अमरावतीचा, कामाला मुंबईत, मराठीत दर तिसरा शब्द इंग्रजी. एका पोराचे आणि अस्वलाचे चार सिनेमे मराठीत यायचे होते. “मॅम, आता ऑडियन्सला रिअल चाइल्ड व्हॉइस हवाय,” तो मला म्हणाला. “आपांची एक टेस्ट घेऊ. जमलं तर चारही त्यांचे. नाही तर मुंबईत एक मुलगा रेडी आहे.”

बावीस वर्षं माईकसमोर उभ्या राहिलेल्या बाईची टेस्ट! माझं डोकंच फिरलं. आपा मात्र शांतपणे म्हणाल्या, “घेऊ दे की. माझी जागा आहे ती, मी सोडणार नाही. लाव सीन.”

सीन शेवटचा होता. पोरानं लहानपणापासून वाढवलेलं अस्वल आता मोठं झालंय, त्याला रानात सोडायचंय. पोरगा आपल्याकडे पाठ करून उभा. तो ओरडतो, “जा!” अस्वल दहा पावलं जातं, एकदा वळून बघतं आणि झाडीत शिरतं. अशा प्रत्येक सिनेमात हे असतंच. आपांनी असले ‘जा’ आजवर पोत्यानं ओरडले असतील, असं मला वाटत होतं. त्या दिवशी कळलं की एकही नाही. दर वेळी काही ना काही खुसपट काढून त्यांनी मला ते वाक्य बदलायला लावलं होतं, आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

पहिला टेक चोख झाला. “जा!” पोराचा घसा फाटावा तसा. दिग्विजय खूश. “परफेक्ट! डन!”

झालं, जिंकलो, म्हणून मी खुर्चीवरून उठले. आपांनी हेडफोन काढला.

“हे नको ठेवू. ‘ये’ म्हणते मी.”

“आपा, अहो, ‘ये’ म्हटलं तर ते परत येईल ना!” दिग्विजय म्हणाला.

“पुण्यात कुणी ‘या’ म्हटलं म्हणून कुणी परत आलंय का?” मी म्हटलं. कुणी हसलं नाही.

आपा स्टुलावर बसल्या. “माझे अब्बा मार्केट यार्डात केळीच्या गाळ्यावर तोलायला होते. तिथं छपरातून उदमांजराचं पिल्लू पडलं. डोळेही उघडलेले नव्हते. मी आठ महिने वाढवलं. वेलची केळी खायची, म्हणून नाव वेलची. माझ्या ओढणीत झोपायची. मोठी झाली तशी कोंडून राहीना, चावायला लागली. गाळ्यावरचे रंगराव हमाल लोणी काळभोरचे. ते म्हणाले, आमच्याकडं चिंचा हायत, आंबे हायत, तिथं सोडू. आम्ही टोपलीतनं नेली. झाडावर चढली. मी रडत म्हटलं, जा वेलची. तर रंगरावकाका माझ्यावरच डाफरले, ‘जा म्हनू नये पोरी. ये म्हनावं.’ मी म्हटलं, ये. आणि ती आली की खाली! सरळ माझ्या खांद्यावर.”

मी हसले. आपा हसल्या नाहीत.

“तीन वेळा झाडावर ठेवली, तीन वेळा खाली आली. काका म्हणाले, आता माया केलीस तर गावातली कुत्री खातील हिला. मग मी ढेकूळ उचललं. जा म्हटलं आणि मारलं. लागलं तिला. तेव्हा गेली. त्या दिवसापासून मी कुणाला जा म्हटलं नाही. आज म्हटलं, कारण तुम्ही माझी परीक्षा घेत होता. पण ते सिनेमात नाही राहणार.”

दिग्विजय अवघडला. “पण आपा, कंपनीला लिटरल हवंय. आय मीन, रिस्क आहे. मग तो मुंबईचा मुलगा...”

“आणा त्याला. तोही चांगलं करेल.” आवाजात राग नव्हता. “एक सांगा. तुम्ही अमरावतीहून निघताना आई काय म्हणते?”

“‘ये बाळा’ म्हणते.”

“म्हणजे परत बोलावते?”

“नाही.”

“हाकलते?”

“नाही हो, आपा.”

“मग?”

त्यावर त्याच्याकडे इंग्रजी शब्द नव्हता. खाली गिरणी सुरू झाली, म्हणून आम्ही तिघं दहा मिनिटं नुसते बसून राहिलो. गिरणी थांबल्यावर तोच म्हणाला, “एक टेक घ्या, मॅम.”

आपा उभ्या राहिल्या. पडद्यावर पाठमोरा पोरगा, समोर अस्वल. या वेळी त्या ओरडल्या नाहीत. दारात उभं राहून म्हणतात तसं म्हणाल्या, “ये हं.”

अस्वल दहा पावलं गेलं. वळून बघितलं. चित्र तेच होतं, एक फ्रेमही इकडची तिकडे नाही. मघाशी ते हाकलून दिल्यासारखं बघत होतं. आता निरोप घेऊन निघालं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला असलं रडणं अजिबात आवडत नाही.

दिग्विजयनं नाक पुसलं. “हाच ठेवा. कंपनीशी मी भांडतो. चारही सिनेमे आपांचे.”

“ते माझेच होते,” आपा म्हणाल्या. “तो शेवट परत एकदा दाखव गं.”

मी दाखवला. अस्वल वळलं तिथं त्यांनी पडद्याला बोट लावलं.

“वेलचीनंही असंच वळून बघितलं होतं,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातात दुसरं ढेकूळ होतं.”