कापगते मॅडम आणि लाखेची काडी

धान निघालं की आमच्या घरचं काम संपायचं, पोट थोडीच थांबायचं. मग बाबा बांधावरच्या पळसाच्या फांद्या छाटायचे आणि आई आणि मी त्यांवर किड्यांनी धरलेली लाख खरडायचो. बोटं फाटायची, लाल व्हायची. साकोलीच्या कॉलेजात तीच बोटं मी ओढणीत लपवून बसायचे. तरी इंग्रजीच्या तासाला मागच्या बाकावरून आवाज यायचाच, "लाखवाली आली बे, वास येऊन राहिला!"

मी इंग्रजी विषय सोडायचं ठरवलं.

तो विषय शिकवायच्या कापगते मॅडम. इंग्रजीच्या तासाला बिनधास्त आमच्याकडची झाडीबोली बोलायच्या. प्राचार्यांनी टोकलं तर म्हणायच्या, "सर, पोरायले समजते ते बोलतो. समजलं की इंग्रजीबी बोलतीन."

विषय सोडते म्हटल्यावर त्यांनी समजावलं नाही. एवढंच म्हणाल्या, "उद्या घरून लाखेची काडी आण."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती वर्गात उंच धरली. पोरं हसली.

"हसा! संस्कृतात लाक्षा, आपली लाख. व्यापाऱ्यायसंगं फारसी-अरबीत गेली, तिथून लॅटिनात, मंग इंग्रजीत. लॅक. शिंपल्यावानी पातळ पापुद्रे केले, त शेलॅक. पोर्तुगीजायनं तिच्यानं चिठ्ठ्यायवर मोहर मारली, त्यातून लॅकर. इंग्रज लाख घेऊन गेला, पर दुसरं नाव नाही सुचलं त्याले! लाज कोणाले वाटाले पायजे?"

मागून एक जण म्हणाला, "पर मॅडम, पेपर त इंग्रजीतच लिहा लागते ना?"

"म्हणूनच शिक बापू. माल तुया, अन् भाव दुसरा कोणी सांगीन का?"

तासानंतर त्यांनी मला थांबवलं. "तुये बाबा झाड पुरं खरडते का?"

"नाही मॅडम. काही फांद्या बियाण्याले ठेवतात. त्याच्या काड्या दुसऱ्या पळसाले बांधल्या की तिथंबी लाख धरते."

"मंग तू विषय सोडून काहून पुरी खरडून राहिली? तुया मांगं धाकटी बहीण हाय ना? तिले काय बांधशीन?"

 मी विषय सोडला नाही, आणि बोटंही पुन्हा लपवली नाहीत.

निवृत्तीनंतर मॅडम आसगावला राहायला गेल्या. बी.ए.च्या निकालाचा पेढा घेऊन मी तिथं गेले, तर पेढा हातातच धरून त्यांनी विचारलं, "धाकटी कुठं हाय?"

आता मॅडम नाहीत. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली. यंदा धाकटीही झाली. इंग्रजीच घेऊन.