नऊ फूट पाणी

सत्तरच्या दशकात दसऱ्याच्या तोंडावर आमच्या लष्करी इंजिनिअर कंपनीचा कॅम्प कोल्हापूरच्या पश्चिमेला एका धरणाच्या काठी पडला. मी हवालदार, मूळचा कागलचा. घराजवळ आलो म्हणून खूश होतो. काम सोपं होतं. पाण्याची खोली मोजून नकाशावर टिपायची, म्हणजे पुढे तराफे कुठून न्यायचे ते ठरवता येईल. त्यासाठी एक शिडाची बोट आणि एक डेप्थ साउंडर मिळाला होता. बोटीच्या पोटाला बसवलेली चकती पाण्यात आवाज सोडते, तो तळावर आपटून परत येतो, आणि तबकडीवरचा लाल दिवा किती फूट ते दाखवतो.

माझ्या जोडीला सॅपर, म्हणजे कंपनीतला साधा जवान, बाळू सुतार होता, गारगोटीच्या बाजूचा, चोवीस वर्षांचा. बोलायचा कमी, पण हातात घराण्याची कला होती.

खंडेनवमीला आम्ही हत्यारांबरोबर बोटही पुजली. आदल्या दिवशी ती काठावर ओढली आणि बाळूनं तिला खालून-वरून रंगाचे दोन हात दिले. झेंडूच्या माळा घातल्यावर सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली, मीसुद्धा.

दसऱ्यानंतर बोट पाण्यात गेली आणि साउंडरनं डोकं खायला सुरुवात केली. काठाजवळ साठ फूट, मधोमध पाच, मग दिवाच गायब. मी बॅटरी बदलली, टर्मिनल घासली, केबल इंचाइंचानं तपासली. शिशाचं वजन बांधलेली दोरी सोडून आकडे ताडून पाहिले. दोरी तीस सांगायची तेव्हा यंत्र सात सांगायचं. चार दिवस हाच खेळ. पाचव्या दिवशी सकाळी सातला बोट वर ओढून उलटी केली आणि कारण दिसलं. बाळूनं चकतीवरही रंगाचे दोन जाड हात चढवले होते.

सगळ्या सेक्शनसमोर मी त्याला झाडला. बोट रंगवायला सांगितली होती, यंत्राचं तोंड लिंपायला नाही, असं बरंच काही बोललो. मग त्यानं लाकडी पट्टीनं जपून रंग खरवडला, चकती लख्ख केली. काठालगत दोन ठिकाणी दोरी टाकून पाहिली. दोन्ही आकडे यंत्राशी जुळले.

दहा वाजता निघालो. वारा मागून होता. सुकाणू माझ्या हातात, बाळू तबकडीसमोर. वायरलेसवर काठाला कळवलं, "बोट निघाली. ओव्हर." नकाशात पुढे चाळीस फूट पाणी दाखवलं होतं.

"बावीस," बाळू म्हणाला.

मी नकाशा बघितला आणि बोट तशीच पुढे नेली.

"चौदा."

"परत सुरू झाली यंत्राची नाटकं," मी म्हणालो.

"न्हाय ओ साहेब, नऊ हाय. शीड उतरू का?"

"नको. इथं चाळीस आहे."

सकाळीच बोलणी खाल्लेला माणूस, त्यानं पुन्हा विचारलं नाही. धरणासाठी उठवलेल्या गावाचं देऊळ तिथं पाण्याखाली होतं, उंचवट्यावर. त्याची दीपमाळ नकाशात कुणी काढलीच नव्हती. बोटीच्या तळातून पाण्यात उतरलेली उभी फळी तिच्यावर आदळली आणि बोट कुशीवर पडली. मी बाजूला फेकला गेलो. बाळू शिडाच्या दोरांत अडकून खाली राहिला. मी चार वेळा बुडी मारली. तिसऱ्या बुडीला त्याचा हात हाताला लागला आणि सुटला. काठावरची दुसरी बोट यायला वीस मिनिटं लागली. त्याला वर काढला तेव्हा अकरा वाजले होते.

चौकशीत विचारलं, यंत्र बरोबर होतं का? मी म्हणालो, चार दिवस चुकत होतं, चकतीवर रंग होता. रंग कुणी दिला? सॅपर सुतारनं. यातला शब्दही खोटा नव्हता. त्या सकाळी रंग निघाला होता, आकडे जुळले होते आणि बाळूनं मला सावध केलं होतं, हे मी गिळलं. मला भीती वाटली, दुसरं काही नाही. रंग नीट निघाला नसावा असं अहवालात आलं. मी खाली सही केली.

पुढे बारा वर्षं नोकरी केली, बढतीही घेतली. जेवायला बसलो की ताटावर तो लाल दिवा दिसायचा, नऊवर थांबलेला. भर दुपारी, बायको-मुलं समोर असताना. अजूनही दिसतो. पेन्शनीत आल्यावर एकदाचा बाळूच्या गावी गेलो. त्याचे वडील अंगणात नांगराचं लाकूड तासत होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांनी तासणी खाली ठेवली.

"गाव म्हंतंय, सुताराच्या पोरानं सोताच्या हातानं बोट बुडवली," ते म्हणाले. "त्येची आई ह्येच ऐकत गेली. दोन वर्सं झाली तिला जाऊन."

मला पाया पडायचं होतं. त्यांनी पडू दिलं नाही.

"मला सांगून काय उपेग, पावणं? चला पारावर. तिथं सांगा."

पारावर दहा-पंधरा माणसं होती. मी सावधान उभा राहिलो. सॅपर बाळू सुतारनं पाणी बरोबर मोजलं होतं आणि मी ऐकलं नाही, असं मोठ्यानं सांगितलं. मागून वडील म्हणाले, "पुन्हा सांगा. पलीकडल्यास्नी ऐकू गेलं न्हाय."