कोलूच्या पायरीवरचा टर्बो

चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात माझं काम एकच, दुसऱ्याच्या कामातली खोट काढायची. नापास भागावर लाल ऑइलपेंटची फुली मारायची आणि तो आपल्या डोळ्यांदेखत ग्राइंडरने कापून घ्यायचा, हा आमचा नियम. नुसत्या फुलीवर भागवलं तर रंग धुऊन तोच भाग मागच्या दाराने परत येतो. नव्या लोकांना हे मीच शिकवतो, तेही ओरडून.

ज्यांना मी पुढे काका म्हणू लागलो ते भेटले पुदुपेट्टैला, जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात. मी फोनवर आईशी बोलत होतो. ते ऐकून एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ थांबले आणि म्हणाले, "पुण्याकडले कीं तुम्ही?" मी साताऱ्याचा, पण पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या तंजावरी मराठी माणसाला सातारा काय नि पुणं काय. पंधरा मिनिटांत कळलं की गिंडीत त्यांचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे आणि मागच्या शेडमध्ये ते स्वतःच्या हातांनी विमान बांधताहेत. मला आधी हसू आलं. मग पुढचे सगळे रविवार मी तिथेच घालवले.

विमानाला इंजिन होतं भंगारातल्या एका छोट्या गाडीचं. चेन्नईच्या उकाड्यात हवा विरळ होते, इंजिनाला ती पुरत नाही आणि प्रोपेलर ओढ घेत नाही. उपाय म्हणजे टर्बो, इंजिनच्याच धुराच्या जोरावर फिरून बाहेरची हवा आत कोंबणारा पंखा. नवा परवडणारा नव्हता, म्हणून मोडीत निघालेल्या डिझेल गाडीचा आणला. दाबलेली हवा साठवायला काकूंचा ॲल्युमिनियमचा कुकर कामी आला. त्याच्या सांध्यांना साबणाचं पाणी लावून आम्ही गळती शोधायचो आणि काकू दारातून म्हणायच्या, भात आता कशात लावू? त्या शेडमध्ये मी सुखी होतो. कारखान्यात मी फक्त मोडतो, इथे काहीतरी उभं राहत होतं.

पण स्वभाव कुठे जातो? टर्बोची धुराकडची ओतीव बाजू मी तपासली. लाल द्रव लावला, पुसला, वर पांढरी पावडर फवारली. पावडरीवर केसाएवढ्या भेगेची लाल रेघ उमटली, थेट बाहेरच्या कडेपर्यंत. पूर्ण ताकदीवर ती फाटली असती, आणि पेट्रोलची नळी तिथून वीतभर लांब. मी फुली मारली आणि ग्राइंडर उचलला.

काकांनी माझा हात धरला. "कापूं नक्को, तंबी. माझा पहिला टर्बो हा. नवरात्रांत कोलूच्या पायरीवर ठेवतों."

तंबी म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ, आणि कोलू म्हणजे इकडे नवरात्रात घरोघरी पायऱ्यांवर मांडतात त्या बाहुल्या. देवादिकांच्या शेजारी टर्बो, ही कल्पनाच मला इतकी गोड वाटली की मी ग्राइंडर खाली ठेवला. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगीच नाही.

महिन्याभराने काकांनी दुसरा टर्बो बसवलेला दाखवला. चंदेरी उष्णतारोधक रंग, चकचकीत. पुदुपेट्टैलाच मिळाला, भेगाबिगा बघूनच घेतला, असं म्हणाले. मी पुन्हा तपासला नाही. तपासणीच्या कागदावर 'टर्बो: ठीक' लिहून सही केली. जन्मात न बघता केलेली माझी ती एकमेव सही. विजयादशमीला विमान खुंट्याला बांधून इंजिन पहिल्यांदा पूर्ण ताकदीवर चालवायचं ठरलं. काकांचे गुडघे गेलेले, त्यांना आत चढता येत नव्हतं. सीटवर मी बसणार होतो.

अष्टमीच्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी कोलू बघायला गेलो. काकूंनी सुंडल, म्हणजे उकडून फोडणी दिलेले हरभरे, हातावर ठेवलं. मी सगळ्या पायऱ्या बघितल्या, नऊच्या नऊ. दशावतार होते, लाकडाची राजाराणी होती, वाण्याचं दुकान होतं. टर्बो नव्हता. मी सहज विचारलं. काकू म्हणाल्या, तो तर यांनी आडीतच, म्हणजे आषाढातच, थिनरने धुऊन परत वर्कशॉपला नेला, तुम्हाला ठाऊक नाही?

मी हातावरचे हरभरे संपवले आणि घरी निघालो.

दुसऱ्या दिवशी आयुधपूजा. गिंडीतल्या गल्लीभर यंत्रं बंद, प्रत्येक हत्याराला चंदनकुंकू, दारात फोडलेला कोहळा. काकांच्या शेडमध्ये देवीच्या तसबिरीपुढे पाने मांडले होते आणि त्यांच्याशेजारी माझ्या सहीचा कागद, त्यालाही कुंकू. मी त्यातला एक पाना उचलला.

"आज हत्यार उचलूं नक्को," काका म्हणाले.

मी टर्बोचा एक बोल्ट काढला. भोकाच्या आट्यांत माझा लाल रंग तसाच होता.

काका पळाले नाहीत, नाकबूलही झाले नाहीत. जुन्या टर्बोला अशी भेग असतेच, सगळ्या गाड्या तशाच धावतात, तू फार भितोस, असं शांतपणे समजावत राहिले. मी फक्त एकच विचारलं, "उद्या त्या सीटवर मी बसणार होतो ना?"

"तूच बसणार होतास म्हणून मला धीर होता," ते म्हणाले. "तुझा कान चांगला. कांही बिघडलं असतं तर तुला आधी कळलं असतं."

परक्याने फसवलं असतं तर मी शिव्या दिल्या असत्या. या माणसाने मला तंबी म्हणत केसाने गळा कापला होता, आणि वर तो माझं कौतुक करत होता. मी उरलेले बोल्ट काढले, टर्बो शिकंज्यात अडकवला आणि ग्राइंडर चालू केला. सगळी गल्ली गप्प होती, तेवढाच एक आवाज. काका तोंड फिरवून उभे राहिले. मधोमध कापून दोन तुकडे पडेपर्यंत मी थांबलो नाही.

मग तो कागद उचलला, सहीपुरता फाडून खिशात घातला आणि निघालो. दाराशी काकांनी सवयीने चुरमुरे-फुटाण्यांची प्रसादाची पुडी पुढे केली. मी ती घेतली, कारण प्रसादाला नाही म्हणायचं मला अजून जमत नाही. त्यांच्या डोळ्यांकडे मात्र पाहिलं नाही.