साइड इफेक्ट डाव्या बाजूने

तुम्ही भेटलात की म्हणता, "अक्का, दवाखान्यातलं काहीतरी सांग." सांगते, पण नंतर मला दोष देऊ नका. जळगावला मानसोपचाराच्या दवाखान्यात मी सोळा वर्षं होते. केसपेपर काढायचे, गोळ्यांच्या पुड्या बांधायच्या आणि रांगेत कोणी घुसला की ओरडायचं, हे माझं काम. ओरडण्यात माझा हात कोणी धरला नाही. एवढ्या वर्षांत किस्से साठतातच. पण सांगायला बसले की दहातले सात एकाच माणसाचे निघतात. पाचोऱ्याचा भास्कर पेंटर. दुकानांचे बोर्ड रंगवायचा.

०००

भास्कर पेशंट म्हणून आलाच नव्हता. रविवारी सकाळी टीव्हीपायी रस्ते ओस पडायचे, त्या वर्षांतली गोष्ट. आमचे डॉक्टर मुंबईला शिकून नुकते जळगावला आले होते. दवाखान्याचा बोर्ड रंगवायला भास्करला बोलावलं. त्याने 'मानसोपचार'मधलं 'मानसो' लिहिलं, "चहा घेऊन येतो" म्हणाला आणि गेला. आला तो अकरा दिवसांनी! तेही ब्रश राहिला होता म्हणून.

तोवर बोर्डावर नुसतं 'मानसो'. जामनेरकडचे एक आबा आत येऊन मला म्हणाले, "मानसो पंप इथंच मिळतो का? पाच हॉर्सपॉवरचा पाहिजे." मी डॉक्टरांना म्हटलं, पुरा करून घ्या हो तो बोर्ड. डॉक्टर म्हणाले, "राहू द्या. वेड्याचा डॉक्टर म्हणून लोक बिचकतात. पंपाच्या दुकानात यायला कोण लाजतंय?" खरंच, पेशंट वाढले. तो बोर्ड शेवटपर्यंत तसाच राहिला.

ब्रश न्यायला आलेल्या भास्करला मात्र डॉक्टरांनी आत बसवून घेतलं. तासभर बोलले. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. मला म्हणाला, "अक्का, अडतीस वर्षांत पहिल्यांदा कोणी मला आळशी म्हणालं नाही."

०००

त्याचं दुखणं असं की हातातल्या कामावर मन ठरायचं नाही. बोर्ड रंगवताना अक्षरं आधी काढतात आणि वरची रेघ शेवटी ओढतात. भास्करची अक्षरं देखणी, पण रेघेपर्यंत तो टिकायचाच नाही. पाचोऱ्यात बिनरेघेचा बोर्ड दिसला की लोक म्हणायचे, हा भास्करचा. गिऱ्हाइकं तुटली. बायको सिंधू भडगावला माहेरी निघून गेली. जाताना भांडली नाही, एवढंच म्हणाली, "एक बोर्ड पुरा करी दखाडा, मंग येसू." एक पुरा करून दाखवा, मग येते.

डॉक्टर म्हणाले, हे लहान मुलांचं दुखणं असं पुस्तकात लिहितात, पण काहींचं मोठेपणीही जात नाही. त्यांनी मुंबईच्या आपल्या सरांना पत्र लिहून विचारलं आणि एक गोळी अगदी कमी डोसने सुरू केली. मूळची ती उदासीवरची. पंधरा दिवसांनी भास्कर आला. डॉक्टरांनी विचारलं, "काही साइड इफेक्ट?"

भास्कर खुलला. "देस ना डॉक्टर. डावी साइडले देस, डाव्या बाजूला देतो. लाल अक्षर असलं तर काळा, निळं असलं तर पांढरा. इफेक्ट दिला की अक्षर कसं उठून दिसतं."

पेंटर लोकांत अक्षराच्या कडेला सावली काढतात, तिला इफेक्ट म्हणतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. डॉक्टर इतके हसले की पुढचा पेशंट दारातूनच परत गेला.

०००

खरा साइड इफेक्टही होताच. तोंडाला कोरड पडायची. तुम्ही म्हणाल, पाणी प्यायचं. पण हा ब्रशचं टोक ओठांत धरून साधायचा. तोंडात ओल नाही, तर टोक नाही आणि टोक नाही, तर वेलांटी नाही. मी डोकं चालवलं. म्हटलं, खडीसाखर धर जिभेखाली.

आठ दिवसांनी तो एका किराणा दुकानदारालाच घेऊन आला. नव्या बोर्डावर मुंग्या लागल्या होत्या. 'गूळ, साखर, तेल' ही अक्षरं सोडून मुंग्या दुसरीकडे जात नव्हत्या. दुकानदार म्हणाला, "अक्का, तेलालाही लागल्या हो." डॉक्टर माझ्यावर चिडले, ब्रश तोंडात घालणं बंद करायला लावलं आणि खडीसाखरेऐवजी सुका आवळा दिला. मुंग्या गेल्या. माझं नाव मात्र पाचोऱ्यात खडीसाखरवाली अक्का पडलं.

०००

गोळीने काय त्रास होतो ते रोज लिहायला डॉक्टर प्रत्येकाला एक वही द्यायचे. भास्करने दोन महिन्यांत चार वह्या हरवल्या. पाचवी मागायला आला तेव्हा मी नको तेवढी बोलले. "डोकं घरी ठेवून येतोस का रे?" असंसुद्धा म्हणाले. तो वही न घेताच गेला. माझं चुकलंच. दुखण्यालाच शिवी देण्यासारखं होतं ते.

त्याने घरी जाऊन काय केलं, तर त्रास भिंतीवर लिहायला लागला. भिंत हरवत नाही ना! गोळीचा डोस वाढवला तसं त्याचं पोट साफ होईना. तेही लिहिलं. आणि नेमके त्याच दिवशी सासरे आले, जावई सुधारला का बघायला. ओट्यावरून आत पाऊल टाकलं तर समोर हातभर उंचीची लाल अक्षरं, डावीकडून काळा इफेक्ट: 'तीन दिवसांपासून संडास नाही.'

सासरे चहाला न थांबता भडगावला परतले. लेकीला म्हणाले, सिंधू, तुझा नवरा कामातून गेला.

तिने विचारलं, "काय लिखेल शे?" त्यांनी लाजत सांगितलं. ती हसली नाही. तिने पुढे विचारलं, "पुरं लिखेल शे? वर रेघ शे का?"

सासरे आठवून म्हणाले, "शे. बठ्ठी शे." आहे, सगळी आहे.

दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.ने सिंधू पाचोऱ्याला आली.

हे तिनेच मला सांगितलं, दवाखान्यातल्या बाकावर बसून, इसबगोलचं पाकीट हातात धरून. सांगताना हसत होती आणि पदराने डोळेही पुसत होती.

०००

मग हाताचा त्रास सुरू झाला. गोळी पूर्ण घेतली की मन जागेवर बसायचं, पण बोटं बारीक थरथरायची. अक्षरं निभायची, रेघ मात्र लहरत जायची. एका शाळेने बोर्ड परत केला. त्याने आम्हाला न सांगता गोळ्याच बंद केल्या. हात सरळ झाला, आणि महिन्यात गावात सात बोर्ड बिनरेघेचे लटकले.

सिंधू त्याला धरूनच घेऊन आली. "गोळीच लिधी नही यासनी," म्हणाली, म्हणजे गोळीच घेतली नाही यांनी. डॉक्टरांनी समजावलं की अशी गोळी एकदम बंद करायची नाही. मग ती अर्ध्यावर आणली. अर्ध्या गोळीवर हात बऱ्यापैकी सरळ राहायचा, पण मन अर्धंच ठरायचं. उरलेलं अर्धं सिंधूने सांभाळलं. रेघेसाठी सुतळीला खडूची पूड लावून दोन टोकांना दोघांनी धरतात, मधून उचलून सोडली की सरळ खूण पडते. ती एक टोक धरून बसायची. "हात भरी उना मना," म्हणायची, म्हणजे हात भरून आला माझा, आता ओढा रेघ. तिला ताटकळत ठेवून त्याला उठून जाता यायचं नाही. पाच वर्षांत एकही बोर्ड अर्धा राहिला नाही. डॉक्टर म्हणायचे, खरा डोस तिच्या हातात आहे.

०००

पाच वर्षांनी सिंधूच्या किडन्या गेल्या. दिवसातून सहा वेळा औषध, पाणी मोजून, मीठ बंद. भास्कर दवाखान्यात आला आणि म्हणाला, "डॉक्टर, मला पूर्ण गोळी द्या."

डॉक्टर म्हणाले, "हात हलेल. काम बंद पडेल तुमचं."

"पडू द्या. अर्ध्या गोळीवर मी तिची एखादी वेळ विसरेन."

त्याने भिंतीवरचं जुनं सगळं चुन्याने पुसलं आणि तिच्या औषधांच्या वेळा लिहिल्या. मी एकदा भेटायला गेले होते. चमचा तिच्या तोंडापर्यंत नेईस्तोवर निम्मं औषध सांडायचं, म्हणून तो चमचा दोन्ही हातांनी धरायचा. सिंधू मला म्हणाली, "अक्का, आठ महिन्यांत एक वेळ चुकेल नही." म्हणजे एकही वेळ चुकली नाही. ती खाटेवर आणि तो स्टुलावर. मला तिथे बसवेना. बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं.

ती गेली त्या दिवशी संध्याकाळपर्यंतच्या वेळांपुढे बरोबरची खूण होती.

भास्कर त्यानंतर दवाखान्यात आला नाही. मी दोन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही. गोळी बंद केली असणार, असंच आम्ही धरून चाललो.

०००

एवढाच एक राहिला.

पुढच्या उन्हाळ्यात मी भाचीच्या लग्नाला भडगावला निघाले होते. पाचोऱ्याच्या पुढे एस.टी. गरम झाली म्हणून ड्रायव्हरने निंबाखाली उभी केली. तिथे नवी पाणपोई होती. दोन रांजण, आणि ओगराळ्याने पाणी वाढणारा भास्कर. केस पांढरे झाले होते. मला बघून हसला, पेला भरून दिला.

वर बोर्ड होता. 'कै. सौ. सिंधूबाई यांच्या स्मरणार्थ. पाणी पिऊन जावे.' लाल अक्षरं, डावीकडून काळा इफेक्ट. उजव्या टोकाला एक खिळा ठोकला होता आणि खडूची सुतळी अजून त्यालाच बांधलेली होती. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरी होती, एक अक्षर उघडं नव्हतं. पण सगळी लहरत गेलेली.

मला राहवलं नाही. म्हटलं, "भास्करभाऊ, हात हलला का रे?"

त्याने वर बघितलंही नाही. माझा पेला पुन्हा भरत म्हणाला, "गोळी लिधी व्हती, अक्का. पुरं करनं व्हतं ना."